एक लाखाचं कर्ज आणि माझं गाइडचं ओळखपत्र

मी ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर गाइड आहे, राज्य सरकारच्या परवान्याची. मानमंदिराच्या भिंतीवरची बदकं, सास-बहू मंदिरं, तेली का मंदिर असं करत पर्यटकांना चतुर्भुज मंदिरात नेते आणि शिलालेखातला 270 हा आकडा दाखवते. इसवी सन 876 चा लेख. त्यातलं इवलंसं वाटोळं शून्य दिसलं की माणसं दगडापाशी अगदी वाकून बघतात. हे काम मला मनापासून आवडतं.

कोरोनामुळे 17 मार्च 2020 ला स्मारकं बंद झाली. 6 जुलैपासून उघडायला परवानगी मिळाली, पण पर्यटक कुठून येणार? पुढच्या वर्षी 16 एप्रिलला पुन्हा कुलूप लागलं, ते 16 जूनला निघालं. मधल्या काळात मी चकल्या-अनारसे करून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतून विकले. त्यातून किराणा भागला, मुलीची फी नाही.

व्यवसायांसाठी आपत्कालीन हमी-कर्ज 2020 पासून होतं, पर्यटनासाठी त्यात मार्च 2021 मध्ये वेगळी सोय झाली. पण ते 29 फेब्रुवारी 2020 ला आधीचं कर्ज बाकी असलेल्यांनाच. आम्हा गाइडांना कुठली बँक कर्ज देत होती? म्हणून 28 जून 2021 ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी केलेली घोषणा ऐकून मी उठून बसले. मान्यताप्राप्त पर्यटन व्यावसायिकांना 10 लाखांपर्यंत, परवानाधारक गाइडांना 1 लाखापर्यंत कर्ज. हमी शंभर टक्के सरकारची, तारण नाही, प्रोसेसिंग शुल्क नाही, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही.

शाखेत गेले तर साहेब म्हणाले, "मॅडम, ऐसी कोई स्कीम हमारे पास नहीं आई।" दोन आठवड्यांनी गेले तेव्हा स्कीम आली होती, पण जामीनदार मागितला. माझ्या सासऱ्यांची पेन्शन आहे, त्यांना घेऊन या म्हणे. मला फार राग आला. सरकारने हमी घेतलीय ती कशासाठी मग?

शेजारचे काका बँकेतून निवृत्त झालेत. त्यांनी मला समजावलं, "वाद घालू नकोस. सरकारी निवेदनाची प्रत काढ, तारणाच्या ओळीवर खूण कर, अर्जाला जोड आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घे." पोचेचा शिक्का पडला आणि जामीनदाराचा विषय पुन्हा निघाला नाही.

मग अडलं ओळखपत्रावर. लॅमिनेशनच्या आत तारीख स्पष्ट होती: मुदत लॉकडाऊनमध्येच संपलेली. कार्यालय बंद असताना नूतनीकरण करणार कुठे, पण बँकेला चालू मुदतीचं कार्डच हवं. नवं कार्ड मिळेपर्यंत तीन चकरा झाल्या. माझ्या व्यवसायातल्या बायकांना मी आजही सांगते, पैशाची गरज पडायच्या आधी कार्डाची तारीख बघून ठेवा. त्या कार्डाशिवाय सरकारी यादीत आपण कुठेच नसतो.

पुढे उत्पन्नाचा दाखला. आमची फी रोख हातात येते, पावती कोण देतो? टूर एजन्सीकडून खात्यात जमा झालेल्या रकमा पासबुकात अधोरेखित केल्या आणि त्याच जोडल्या. तेवढं पुरलं. दिवाळीच्या जरा आधी पैसे खात्यावर आले. फी भरली, तुंबलेलं घरभाडं दिलं, चालून झिजलेले बूट बदलले.

आणखी एक सांगते. त्याच घोषणेत परदेशी पाहुण्यांना पहिले 5 लाख पर्यटक व्हिसा मोफत होते, मार्च 2022 पर्यंत. आम्हाला कर्जापेक्षा त्याची गरज जास्त होती, कारण हप्ता पर्यटकाच्या पैशातूनच फिटणार. पण पर्यटक व्हिसा द्यायला सुरुवातच झाली ऑक्टोबर-नोव्हेंबर 2021 मध्ये.

माझं काम झाल्याचं किल्ल्यावर कळलं, तेव्हा दरवाज्यापाशी फोटो काढणारा मुलगा माझ्याकडे आला. बारा वर्षं तो तिथे उभा असतो. "दीदी, मेरा भी भर दो।" मी विचारलं, तुझ्याकडे पर्यटन खात्याचं कार्ड आहे? त्याने खिशातून आधार कार्ड काढून माझ्यापुढे धरलं.