आमची वाटचाल : रोजमेळापासून चित्रवहीपर्यंत

पुण्यात शनिवार पेठेत वडिलांचं बाइंडिंगचं दुकान. रोजमेळ, खतावण्या अशा व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या, आणि बिलबुकं. लाल कापडी पाठ, दोऱ्याची शिलाई, आणि कसर लागू नये म्हणून मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद. दिवाळीआधी घरातले सगळे रात्री फर्मे मोडायला, म्हणजे मोठ्या कागदांच्या घड्या घालायला, बसायचो. पुढे व्यापाऱ्यांचे हिशेब संगणकावर गेले आणि शिलाईवाल्या दोघा काकांना काम कुठून द्यायचं, हा प्रश्न उभा राहिला.

वह्या पोचवायला मी मार्केट यार्डात जायचे. पैसे मिळेपर्यंत गाळ्यावर बसून बिलबुकाच्या मागे हमालांची चित्रं काढायचे. एकदा एका हमालकाकांनी डोकावून पाहिलं. म्हणाले, "ताई, पाठीवर ५० किलोचं पोतं आणि मान अशी ताठ? पडंल की त्यो!" मी चेहऱ्यापासून सुरुवात करत होते, ते तिथेच सोडलं. तेव्हापासून आधी पावलं, मग वाकलेली कंबर, मग ओझं. चेहरा राहिला तर राहिला.

त्याच बिलबुकावरून चित्रवहीची कल्पना सुचली. छापखान्यांत कापून उरलेली कागदाची कात्रणं किलोवर आणली. पहिल्या खेपेत गुळगुळीत आर्ट पेपर घेतला, त्यावर पेन्सिल नुसती घसरत होती. त्या सगळ्या वह्या परत आल्या. आता आत खरखरीत मॅपलिथो कागद आणि चार पानं खाकी कागदाची घालतो. खाकीवर पेन्सिलीनं सावली काढावी, घामानं चमकणाऱ्या खांद्यावर पांढऱ्या खडूचा एक फराटा ओढावा. एवढ्या साहित्यात भागतं. स्वस्त कागद वाया जाईल ही भीती नसते, म्हणून हात मोकळा चालतो.

रविवारी आम्ही चित्रं काढायला शिकणाऱ्यांना घेऊन बाहेर बसतो. तांबट आळीत तांब्याची भांडी मठारताना, म्हणजे ठोकताना, हातोडा वर जातो, खाली येतो. वर गेलेला आणि खाली आलेला, असे दोन्ही हात एकाच पानावर अर्धे काढून ठेवायचे आणि हात पुन्हा त्या जागी आला की पुरे करायचे. नंतर हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेच्या 'कष्टाची भाकर'मध्ये जेवण. बाबा आढावांच्या पुढाकारानं १९७४ साली सुरू झालेलं हे केंद्र. भाकरी थापणाऱ्या बायकांचे हात किती जणांनी काढले असतील!

नियम एकच. आधी विचारायचं, "मावशी, काढू का?" आणि चित्र दाखवल्याशिवाय उठायचं नाही. बिलबुकांसाठी घेतलेलं वडिलांचं भोकं पाडायचं मशीन आता आम्ही वहीच्या प्रत्येक पानावर चालवतो, म्हणजे पान सहज फाडून देता येतं. मंडईतल्या लसूणवाल्या मावशींनी त्यांचं पान गल्ल्यात, नोटांच्या खाली ठेवलंय.