कोरी सोडलेली जागा

रविवार, ४ नोव्हेंबर २०१२, मिनिआपोलिस

पहाटे घड्याळे एक तास मागे गेली आणि तो जादाचा तास मी नमुना मतपत्रिका पुढ्यात घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी घालवला. राष्ट्राध्यक्षपदाचे मत कधीच ठरले आहे. मतदाराने छायाचित्राचे ओळखपत्र दाखवावे की नाही, या दुसऱ्या घटनादुरुस्तीचेही ठरले आहे. घोडे अडले आहे ते पहिल्या दुरुस्तीपाशी. एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यातील बंधनच मिनेसोटात विवाह म्हणून ग्राह्य धरावे, असे राज्यघटनेत घालायचे काय, एवढाच तो प्रश्न आहे.

महिनाभर माझा बेत ती जागा कोरी सोडण्याचा होता. लग्न म्हटले की मला अंतरपाट आणि अक्षता आठवतात. दोन पुरुषांचे लग्न डोळ्यांपुढे आणताना मन अजून अडखळते, हे रोजनिशीत तरी लपवायचे कशाला? पण येथे १८९८ पासूनचा नियम असा की, घटनादुरुस्ती मंजूर होण्यासाठी केवळ त्या प्रश्नावर पडलेल्या मतांचे नव्हे, तर त्या निवडणुकीत मत देणाऱ्या सर्वांचे बहुमत लागते. म्हणजे कोरी जागाही 'नाही'च्याच पारड्यात जाते. कुंपणावर बसायची सोयच या राज्याने ठेवलेली नाही.

मुळात असे विवाह येथे आजही होत नाहीत. याच शहरात जॅक बेकर आणि मायकेल मॅककॉनेल यांनी १९७० साली परवान्यासाठी अर्ज केला होता. तो नाकारला गेला आणि पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना नकार दिला. १९९७ च्या कायद्याने तर बंदी स्पष्टच लिहून ठेवली. मग दुरुस्ती कशासाठी? शेजारच्या आयोवात २००९ साली न्यायालयाने असाच कायदा रद्द ठरवला, त्याची ही धास्ती आहे. उद्याच्या विधिमंडळाने किंवा न्यायाधीशांनी विचार बदलला तरी दार उघडू नये, म्हणून आजच कुलूप घालायचे. माझ्या मनाचे अडखळणे हा माझा प्रश्न आहे. ते राज्यघटनेत कोरून ठेवावे इतके मोलाचे आहे, असे मला म्हणवत नाही.

आई-बाबांचे लग्न साताऱ्यात १९६९ साली विशेष विवाह कायद्याखाली झाले, कारण जाती वेगळ्या होत्या. नोटीस तीस दिवस कचेरीतल्या फलकावर लागलेली होती. आजोबा वकिलाला घेऊन हरकत नोंदवायला गेले, तेव्हा अधिकाऱ्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि सांगितले की वय, आधीचे लग्न, नाते, मनाची स्थिती यांवर हरकत घेता येते. जात हे कारण या कायद्यात नाही. आजोबा पाणी न पिताच उठले, असे बाबा सांगत. त्या कायद्यात एक ओळ जास्त असती, तर मी नसते.

हे सारे मी आज फोनवर आईला सांगितले. तिला पटेल, असे मी धरूनच चालले होते.

"आमचं वेगळं होतं गं," ती म्हणाली. "आम्ही बाई आणि पुरुष तर होतो."

मला उत्तर सुचले नाही. आजोबांनाही आपले म्हणणे इतकेच उघड वाटले असणार, हे फोन ठेवल्यावर लक्षात आले. पण ऐंशीकडे झुकलेल्या आईला ते ऐकवण्यासाठी पुन्हा फोन करावा, असे काही वाटले नाही.

मंगळवारी सकाळी सातला केंद्र उघडेल. कामावर जाण्याआधीच जाईन. जागा कोरी सोडली तरी हिशेब तोच होणार, हे ठाऊक असूनही 'नाही'पुढचे वर्तुळ मी पेनने भरणार आहे. आईने विचारले, तर सांगेन.