बिल्ज पंपाचा जोड, तिसरी खेप

मागच्या नोंदीत फुशारकीने लिहिलं होतं की बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाच्या वायरीचा जोड डाग देऊन (कथील वितळवून) पक्का केलाय, आता बघायला नको. बघावं लागलं. रविवारी गंगापूर धरणाजवळच्या शेडमध्ये बोटीवरची ताडपत्री काढली तर तळात घोटाभर पाणी आणि पंप मुका. पाणी चढलं की पंप चालू करणारा फ्लोट हाताने उचलून पाहिला, हूं की चूं नाही. बॅटरी 12.6 व्होल्ट, फ्यूज शाबूत. मग वायर बोटांनी चाचपत गेलो, तर डागाच्या दोन मिलिमीटर पुढे ती आतल्या आत तुटलेली. वरचं इन्सुलेशन धडधाकट, म्हणून नजरेला पडली नव्हती.

पंचवीस वर्षं रेडिओ उघडलेत, डाग देण्याचा जरा माज आहे. पण रेडिओ टेबलावर बसून असतो, बोट थरथरते. वितळलेलं कथील बारीक तारांमध्ये चढतं आणि तेवढा तुकडा सळईसारखा ताठ होतो. ताठपणा संपून लवचिक वायर सुरू होते, नेमकी तिथेच ती वाकत राहते. म्हणूनच एबीवायसी या अमेरिकी बोट-मानकात जोडाची पकड नुसत्या डागावर सोडू नका असं आहे. हे मी वाचलं होतं. वाचूनही केलं.

खरा धक्का पुढे होता. तुटलेलं टोक कापलं, तांबं काळं. इंचभर मागे कापलं, तरी काळंच. वीतभर मागे गेल्यावर कुठे लालसर चमक दिसली. वातीत तेल चढावं तसं पाणी इन्सुलेशनच्या आत चढलं होतं. आणि ही तर गोड्या पाण्यातली बोट! तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई का लागते हे नाशिककराला सांगायला नको. बारीक तार न् तार कल्हई केलेली वायर मिळते, ती मुंबईहून मागवली. दीड चौरस मिलिमीटरच्या ऐवजी अडीचची. जाऊन-येऊन 10 मीटर आणि पंपाचे 3 अँपिअर धरले तर दीडच्या वायरीत साधारण 0.36 व्होल्ट वाटेतच गळतो, अडीचच्या वायरीत 0.22.

आता क्रिम्पिंग, म्हणजे डाग न देता धातूची नळी वायरीवर दाबून जोड करणं. पहिले दोन बट कनेक्टर (दोन वायरींची टोकं समोरासमोर जोडणाऱ्या नळ्या) घरातल्या साध्या पकडीने दाबले. दिसायला झकास. एबीवायसीत 14 गेजच्या तारेच्या जोडाने 30 पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास, एक मिनिट पेलायला हवेत. अडीचची वायर त्याहून किंचित जाडच. तेव्हा जोडाला पिशवी बांधून घरातले चौदा किलो कांदे टांगले. दोन्ही जोड वायर सोडून मोकळे झाले, कांदे ओट्याखाली घरंगळले. त्यावर घरून काय ऐकलं ते इथे लिहीत नाही.

मग रॅचेटची पक्कड घेतली. पुरतं दाबल्याशिवाय ती सुटतच नाही, हाच तिचा गुण. निळा कनेक्टर (दीड ते अडीचसाठी तोच), टोक सोलताना एकही तार कापली जाऊ द्यायची नाही, आणि सोललेला भाग आतल्या मधल्या अडसराला टेकेपर्यंत सरकवायचा. कांदे मिनिटभर लटकले, जोड हलला नाही. त्यानंतरच कनेक्टरवरची, आतून गोंद असलेली बाही आवळायला हीट गन. मधून कडेकडे शेक द्यायचा, दोन्ही तोंडांतून गोंदाचं बारीक कडं बाहेर येईपर्यंत. लायटरने मी एकदा बाही करपवली आहे, ते नकोच. गोंद नसलेली साधी श्रिंक बाहीसुद्धा इथे कामाची नाही, ती पाणी आत कोंडून ठेवते.

नवा जोड तळापासून हातभर वर, आडव्या पट्टीला क्लिप मारून बसवलाय. जोडाच्या अलीकडे वायरीला खाली झोल दिलाय, म्हणजे ओघळ तिथूनच टपकेल. पंप चालू ठेवून जोडाच्या दोन बाजूंना मीटर लावला: 3 मिलिव्होल्ट. जुन्या डागाचं माप कधी घेतलंच नव्हतं, नाहीतर तुलना करता आली असती.

मागच्या दिव्याचा जोडही मीच डाग देऊन केलेला आहे. दिवा अजून लागतो, म्हणून कापायला हात होत नाही.