ज्येष्ठांच्या संकुलात घर घेताना फेज कशी तपासावी : माझा अनुभव

ज्येष्ठांसाठीच्या संकुलात घर घ्यायचं तर सॅम्पल फ्लॅट नंतर बघा, आधी फेज, म्हणजे बांधकामाचा टप्पा बघा. पुण्याजवळच्या एका प्रकल्पात घर घेताना मी सुरुवात महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या संकेतस्थळापासून केली. रेरा कायद्याने प्रत्येक फेज हा स्वतंत्र प्रकल्प. नोंदणी क्रमांक वेगळा, पूर्णत्वाची तारीखही वेगळी. माहितीपत्रकात सात इमारती दिसल्या, तरी नोंदणी दोनचीच असू शकते. बाकीच्या कधी उठणार ते बुकिंगवर ठरतं.

बिल्डर फेज पाडतो, त्यामागे पैशाचं गणित आहे. ग्राहकांच्या पैशातले ७०% त्या फेजच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि काम होईल त्या प्रमाणातच काढता येतात. त्यात निवृत्त ग्राहक सहसा जुनं घर विकल्यावरच पैसे भरतो, म्हणून विक्री सावकाश. सगळ्या इमारती एकदम काढल्या तर बिल्डरचा पैसा अडकतो. शिवाय पहिली फेज राहती झाली की दुसरीचा भाव चढवता येतो, हेही आहेच.

खरी गोम भोजनगृह, दवाखाना आणि जनरेटर कोणत्या फेजमध्ये आहेत यात आहे. महारेराच्या पानावर सामायिक सुविधांचा तक्ता असतो, त्यात कोणतं काम किती टक्के झालं ते दिसतं. भोजनगृह क्लबहाऊसमध्ये आणि क्लबहाऊस शेवटच्या फेजमध्ये असेल, तर ताबा मिळूनही डबा बाहेरूनच. मी भोजनगृहाची आणि लिफ्टच्या बॅकअपची तारीख करारात लिहून घेतली. ‘होऊन जाईल सर’ याला काही अर्थ नाही. महारेराच्या २०२४ च्या निकषांत ज्येष्ठांच्या घरांसाठी ९०० मिमी रुंद दरवाजे, न्हाणीघरात आधाराचे दांडे वगैरे आहे. जुन्या फेजमध्ये ते असेलच असं नाही, टेप घेऊन जा.

करार नोंदवण्याआधी १०% च्या वर देऊ नका. महारेराच्या नमुना करारात करार झाल्यावर ३०% पर्यंत, जोत्याला ४५%, सगळे स्लॅब झाले की ७०% आणि ओसीसह (भोगवटा प्रमाणपत्रासह) ताब्याला शेवटचे ५% अशी चढती रक्कम आहे. स्लॅबपर्यंतच ७०% वसूल होतात, म्हणून स्लॅब भराभर पडतात आणि प्लास्टर, फरशी, लिफ्टला काम रेंगाळतं. प्रत्येक डिमांड लेटरसोबत, म्हणजे हप्ता मागणाऱ्या पत्रासोबत, तेवढं काम झाल्याचा आर्किटेक्टचा दाखला मागा.

जुनं घर विकून पैसे उभे करत असाल, तर भांडवली नफ्यावरच्या करसवलतीसाठी बांधकामाला विक्रीपासून तीन वर्षांची मुदत असते. फेजची तारीख तिच्या बरीच आत हवी.

५१% बुकिंग झालं की तीन महिन्यांत सोसायटीचं काम सुरू व्हायला हवं. पण संपूर्ण लेआउटच्या जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे तिची मालकी रहिवाशांच्या संस्थेकडे देणं, शेवटच्या इमारतीच्या ओसीवर अडतं. तोवर मंजूर आराखड्यात मोठा बदल करायचा, तर दोन तृतीयांश घरधारकांची लेखी संमती लागते. ती आगाऊ, सरसकट देऊन टाकणारं कलम करारात हळूच घातलेलं असतं. आमच्या मसुद्यातलं मी सहीआधी काढायला लावलं.