चिरेबंदी घराचं स्वयंपाकघर, नोंद ३: चूल राखायची की ओटा बांधायचा?

घर रत्नागिरीकडचं. जांभ्याच्या दीड फुटी भिंती, सांध्यांत माती, वर मंगलोरी कौलं. स्वयंपाकघर १२ बाय १४ फूट, त्यात वैलाची (बाजूला जोडतोंड असलेली) चूल, कोपऱ्यात मोरी, भिंतीत दोन फडताळं. सगळं उखडून नवं करायचं की होतं तसं दुरुस्त करायचं, यावर गाडी अडली होती. उत्तर असं निघालं की अख्ख्या खोलीचा एकच निर्णय करायचा नाही. भिंत, जमीन, छप्पर जुन्या रीतीनं. पाणी, वीज, गॅस सगळं नवं, आणि तेही उद्या काढता येईल असं.

सगळ्यात जास्त वेळ भिंतीनं खाल्लाय. खालच्या तीन फुटांना मागे कधीतरी सिमेंटचा गिलावा मारलेला. ठोकलं की डबडब आवाज. एक पोपडा काढला तर मागचा चिरा ओलागच्च, बोटानं खरवडला तरी लाल भुगा हातात येतो, आणि गिलावा संपतो त्याच्या वर वीतभर पट्ट्यात कापसासारखं पांढरं मीठ फुटलेलं. ओल जमिनीतून चढते. सिमेंटमुळे तिला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ती आणखी वर चढते. त्यावर टाइल लावणं म्हणजे ओल झाकून ठेवणं.

गिलावा छिन्नी-हातोडीनं काढला. ब्रेकर लावू नका, मातीचे सांधे हलतात. मीठ कोरड्या ब्रशनं झाडायचं. धुतलं तर पाण्याबरोबर परत चिऱ्यात शिरतं. भिंत दोन महिने उघडी आहे. तपासायला फूटभर चौकोनी प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवायचं. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर गिलाव्याची घाई नको.

नवा गिलावा चुन्याचा: १ भाग चुना, २ भाग चाळलेली वाळू, १ भाग सुरखी (विटांचा भुगा). फक्की (तयार कोरडी पूड) नको, कळीचा (भाजलेल्या खड्यांचा) चुना पाण्यात विरवून निदान तीन आठवडे पाण्याखाली ठेवलेला हवा. विरवताना कळी पाण्यात टाकायची, कळीवर पाणी ओतायचं नाही, उसळतो. डोळ्यांना चष्मा हवाच. लावण्याआधी चिरा चांगला भिजवायचा, नाहीतर तो गिलाव्यातलं पाणी ओढून घेतो आणि महिन्याभरात हाताला भुकटी लागते. एक थर १० मिमीचा, त्याहून जाड नाही. दुसरा थर पहिला धरल्यावर. आठ-दहा दिवस गोणपाट लावून ओलावा टिकवायचा. सिमेंटची सवय असलेला गवंडी एका दिवसात इंचभर थापायला बघतो, आणि तिथेच भेगा पडतात.

जमिनीखाली काँक्रीट घातलं नाही. घातलं तर खालची ओल भिंतींकडेच वळते. मोरीभोवती चुन्याच्या दीड इंची थरावर शहाबादी, बाकी जमीन सारवायची.

चुलीचा प्रश्न हौसेचा वाटतो, पण तो छपराचाही आहे. इतकी वर्षं धुरानं वासे-रिपांना कीड लागू दिली नाही. चूल बंद केली की दोनेक पावसाळ्यांत भुंग्याचा पिवळा भुसा खाली पडायला लागतो. म्हणून चूल राहणार, अधूनमधून पेटणार. वाशांवरची काजळी फक्त कोरडी झाडली. ओल्या फडक्यानं पुसली तर लाकडात मुरते.

मग सिलिंडर त्याच खोलीत नको. गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो आणि चूल जमिनीवरच. सिलिंडर पडवीत उभा राहील, आत तांब्याची नळी येईल. हे काम एजन्सीच्या माणसाकडूनच. शेगडी पेटलेली असताना चूल पेटवायची नाही, आणि भिंतीच्या तळाशी हवेला झरोका ठेवायचा.

वीज उघड्या पाइपातून, भिंत न खोदता. इंडक्शनला १६ अँपिअरचा पॉइंट, ४ चौ. मिमी तार, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच). उंदीर तार कुरतडतात, त्यामुळे माळ्यावरही सुटी तार नको.

ओटा भिंतीत रुतवणार नाही. आठ बाय दोन फुटांची २० मिमी ग्रॅनाइट लादी साधारण ८० किलो भरते, ती लोखंडी घोड्यांवर बसेल. पायांखाली दगडी तुकडे, मागे दोन इंच फट, म्हणजे भिंत वाळत राहील. उंची ३३ इंच.

सिंकची जागा मात्र चुकली होती. खिडकीखाली चांगली दिसत होती, पण तिथून बाहेरच्या चेंबरपर्यंत १४ फूट. ४० ला १ उतार धरला तर ४.२ इंच लागतात, आणि जोतं बसकं असल्यामुळे मिळतात जेमतेम तीन. मोरीच्या कोपऱ्यातून अंतर ८ फूट, उतार २.४ इंच. सिंक मोरीतच जाणार. चिऱ्यात भोक पाडायचं काम पुढच्या आठवड्यात, ७५ मिमी पाइपाला, वरचा चिरा आधी टेकू देऊन.