प्रतलावरचा कुठलाही बिंदू घ्या, अंतर तेच येतं

बिंदूपासून प्रतलापर्यंतचं अंतर काढायचा फॉर्म्युला बऱ्याच जणांना पाठ असतो पण तो आला कुठून विचारलं की गाडी अडते, मलाही तो व्हेक्टरने (दिशा आणि लांबी असलेल्या बाणाने) उलगडला तेव्हाच खरा पटला.

सरळ उदाहरणच घेऊ. प्रतल २एक्स − वाय + २झेड = ५ आणि बिंदू पी (४, १, ५). एक्स, वाय, झेडच्या आधीचे आकडे म्हणजेच नॉर्मल (२, −१, २), प्रतलावर काटकोनात उभा असलेला व्हेक्टर, त्याची लांबी ४+१+४ चं वर्गमूळ, ३. आता प्रतलावरचा एक बिंदू ए उचलायचा, समजा (१, १, २), समीकरणात टाकून बघा, ५ च येतात. ए पासून पी पर्यंतचा व्हेक्टर (३, ०, ३). याची लांबी साधारण ४.२४, पण ते आपलं अंतर नाही हं, कारण हा व्हेक्टर तिरका गेलाय आणि आपल्याला तो नॉर्मलच्या दिशेने किती वर चढला तेवढंच हवंय, त्यासाठी नॉर्मलशी डॉट प्रॉडक्ट, म्हणजे दोन्ही व्हेक्टरचे आकडे जोडीजोडीने गुणून बेरीज: ६ + ० + ६ = १२, भागिले नॉर्मलची लांबी ३, अंतर ४.

मी अडायचो ते पुढे. ए "कुठलाही" कसा चालेल, लांबचा घेतला तर अंतर वाढणार नाही का? तर मुद्दाम लांबचा घेऊ, (०, −५, ०). आता व्हेक्टर (४, ६, ५), लांबी जवळपास ८.७७, दुपटीहून जास्त! आणि डॉट प्रॉडक्ट? ८ − ६ + १० = १२. तेच. कारण या दोन बिंदूंना जोडणारा व्हेक्टर (१, ६, २) प्रतलातच आडवा पडलाय, त्याचा नॉर्मलशी डॉट प्रॉडक्ट २ − ६ + ४ = ०, म्हणजे प्रतलात कितीही फिरा, उंचीत काडीचाही फरक पडत नाही. हे मला फार सुंदर वाटतं.

मग फॉर्म्युला आपोआपच येतो. पी चे आकडे टाकले की १७, प्रतलावरच्या कुठल्याही बिंदूचे टाकले की ५, वजाबाकी १२, भागिले नॉर्मलची लांबी. वजाबाकी उणे आली तर पी प्रतलाच्या दुसऱ्या बाजूला आहे एवढंच, अंतर सांगताना चिन्ह सोडायचं, पण आधीच पुसू नका, बाजू ओळखायला तेच कामी येतं.

लंबाचा पाया, म्हणजे पी मधून टाकलेला लंब प्रतलाला टेकतो तो बिंदूही लगे हात मिळतो: अंतर ४ आणि नॉर्मलची लांबी ३, म्हणून पी मधून नॉर्मलच्या ४/३ पट वजा करा, (४/३, ७/३, ७/३). समीकरणात टाका, ८/३ − ७/३ + १४/३, बरोब्बर ५.