नाव कधी जाणार?

शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

आज लंचमध्ये डबा उघडता उघडता माझी जुनी ज्युनियर वकील म्हणाली, "मॅडम, तुमचं नाव कधी जाणार?" नाव जाणं म्हणजे हायकोर्टाच्या न्यायमूर्तिपदासाठी शिफारस होणं. मी विषय बदलला, पण प्रश्न घरापर्यंत सोबत आला.

कायद्यात अट साधी आहे, हायकोर्टात दहा वर्षं वकिली. मग मात्र उत्पन्न बघतात, किती रिपोर्टेड जजमेंट्समध्ये, म्हणजे कायद्याच्या नियतकालिकांत छापून आलेल्या निकालांत, तुम्ही वकील म्हणून कोर्टात उभ्या होतात ते बघतात. माझी बावीस वर्षं झाली. त्यातली पाच लेकीच्या आणि सासूबाईंच्या आजारपणात गेली. तेव्हाही घरी बसून ड्राफ्टिंग करत होतेच. रात्री दोनला पूर्ण केलेल्या याचिका आठवतात. पण उभं दुसरंच कुणी राहिलं, त्यामुळे निकालपत्रात माझं नाव कुठेच नाही.

जेवणं झाल्यावर कागदावर वर्षं मांडत बसले. सुजाता मनोहर १९५८ मध्ये वकिलीत आल्या, तीही ओरिजिनल साइडला, म्हणजे थेट हायकोर्टातच दाखल होणाऱ्या दाव्यांत, त्यातही व्यापारी. १९७८ मध्ये त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या, त्रेचाळिसाव्या वर्षी. १९९४ मध्ये इथल्याच पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती, मग केरळ, आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्ट. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलच्या १९९७ च्या विशाखा निकालाच्या खंडपीठावर त्या होत्या.

१९७८ ते १९९४, सोळा वर्षं! हायकोर्टाचे न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी निवृत्त होतात, आणि मुख्य न्यायमूर्तिपदासाठी जी ज्येष्ठता बघतात, ती मोजतात शपथेच्या दिवसापासून. त्यांची शपथ पन्नाशीत झाली असती, तर सोळा वर्षं भरायच्या चार वर्षं आधीच त्या घरी गेल्या असत्या. हुशारी तीच, काम तेच, आणि मुख्य न्यायमूर्तींच्या फलकावर नाव नाही.

अण्णा चांडी १९३७ मध्ये त्रावणकोरात मुन्सफ, म्हणजे कनिष्ठ दिवाणी न्यायाधीश, झाल्या, १९४८ मध्ये जिल्हा न्यायाधीश. केरळ उच्च न्यायालयात पोहोचल्या १९५९ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. देशातल्या हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती, पण हातात वर्षं जेमतेम आठ. लीला सेठ तर लंडनच्या बार परीक्षेत पहिल्या आल्या तेव्हा त्यांचं बाळ काही महिन्यांचं होतं. १९९१ मध्ये त्या हिमाचलच्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या, कुठल्याही हायकोर्टाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती, आणि १९९२ मध्ये निवृत्त.

म्हणून "बायका येताहेत हळूहळू वर" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. हळूहळू आलं की वर पोहोचेपर्यंत बासष्टी गाठते. तिशी-पस्तिशीत जी चार-पाच वर्षं निसटतात, त्यांचा हिशोब पंचवीस वर्षांनी लागतो, आणि तेव्हा तो कुणाला दिसतही नाही.

माझ्या त्या ज्युनियरला सातवा महिना लागलाय. डबा बंद करताना ती सहज म्हणाली होती, जुलैपासूनचे ब्रीफ, म्हणजे हातातली प्रकरणं, परत करून टाकते. मी नुसती मान हलवली. आत्ता मेसेज केलाय: एकही परत करू नकोस. वकालतनामा तुझाच राहू दे. उभी मी राहीन, पण ऑर्डरमध्ये तुझं नाव लागलं पाहिजे, ते मी स्वतः शिरस्तेदारांकडे, कोर्टातल्या कारकुनांकडे, लिहून देईन.

अजून वाचलेला नाही तिने. झोपली असेल.